त्रेचाळीस चुका

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि ज्याची कोणी वाट पाहत नव्हतं तो पाऊस आला. दोन दिवस नुसती रिपरिप. पराटीवर फुटलेला कापूस ओला होऊन बोंडाखाली लोंबायला लागला, खालचा तर मातीलाच चिकटला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तशी सत्यभामाबाईनं निरोप धाडला, की घरात जेवढी माणसं असतील तेवढी वेचायला पाठव. निरोप घेऊन निघालेला उकंडा होता आणि निरोप द्यायचा ते घरही उकंडाचंच होतं.

उकंडा सत्यभामाबाईचा सालदार. गुढीपाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं, मधले बारा महिने माणूस त्या घरचा. वस्तीतले दुसरे गडी दरसाल मालक बदलत. उकंडानं अकरा सालं एकाच दारात काढली, कारण त्याला उलटून बोलता येत नव्हतं. त्याच्या तोंडात जीभ आहे की नाही हे बाभुळगावच्या डॉक्टरलाच विचारावं लागेल, असं विहारापाशी बसणारी माणसं म्हणत. उकंडाला ती तारीफ वाटायची.

रविवार होता, म्हणून उकंडाची सातवीतली लेक पायलसुद्धा आईबरोबर वावरात गेली. पंचफुलानं तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधली आणि आपल्या शेजारचीच ओळ दिली. ओला कापूस बोंडातून सुटत नाही. ओढावा लागतो, आणि ओढताना वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. तासाभरात पायलच्या दोन बोटांतून रक्त आलं. तिनं ते तोंडात धरून चोखलं आणि पुन्हा पुटपुटायला लागली.

"काय बडबडून राह्यली वं पोरी?" पलीकडच्या ओळीतल्या रुपीबाईनं विचारलं. रुपीबाई तांड्यावरची, दरवर्षी याच वावरात वेचायला यायची.

"धडा हाये, मावशी. इंग्रजीचा. बर्फात टपाल वाटते एक माणूस, त्याचा."

"बर्फ म्हंजे गोळावाल्याचा?"

"तसाच. पण गुडघ्याइतका असते."

"मंग तो गोळेच काहून नाही विकत?" रुपीबाई म्हणाली आणि सगळ्या बाया हसल्या.

पायलही हसली. मग तिनं सांगितलं की सरांनी सगळ्या वर्गाला हा धडा घरून वाचून यायला सांगितला आहे, जानेवारीत बाभुळगावला वाचनाची स्पर्धा आहे, आणि शाळेतून एकच जण जाणार आहे. "सर म्हणे, तूच जाशीन."

वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत सत्यभामाबाई बसली होती. नवरा गेल्यापासून चाळीस एकराचा कारभार ती त्या खुर्चीतूनच चालवायची. तिचे कान वावराच्या दोन्ही धुऱ्यांना पुरत. "कोन होय जाऊन राह्यलं बाभुळगावले?"

पंचफुला लगबगीनं म्हणाली, "कोनी नाही बाई. पोट्टी उगाच बोलते."

"नाही म्हटलं, आमचा प्रज्वल जाईन ना. दोन वर्षं कॉन्वेंटात होता तो."

"हो तं बाई. त्याच्याशिवाय कोन हाये."

बोलता बोलता पंचफुलानं पायलचं मनगट धरून दाबलं. हातातलं बोंड तळव्यात रुतलं. पायलनं आईकडे पाहिलं, पण पंचफुला खाली वाकून मातीतला कापूस झटकत होती.

बाईचा पोरगा प्रज्वल यवतमाळच्या कॉन्वेंटात होता हे खरं. वसतिगृहात तो अंथरूण ओलं करायचा, म्हणून तिथून परत आणला हेही गावाला माहीत होतं. फक्त बाईसमोर ते कोणी बोलत नसे. आता तो गावातल्या शाळेत पायलच्याच वर्गात बसायचा. पोरगा वाईट नव्हता. गोरा, जाडसर, भित्रा. इंग्रजी मात्र त्याचं दोन वर्षांत सुधारण्याऐवजी बुजलं होतं.

शाळेत सात वर्ग आणि मास्तर दोन. त्यातल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे उरले एकटे सेवादास राठोड सर. सर दारव्ह्याकडच्या तांड्यावरचे. घरात बंजाऱ्यांची गोर बोली, शाळेत मराठी आणि त्यावर इंग्रजी, असं तीन पायऱ्या चढून आलेला माणूस. म्हणून इंग्रजीवर त्यांचा जीव. होमवर्कची प्रत्येक वही स्वतः तपासायचे, आणि चुकलेलं वाक्य दहा वेळा लिहून आणायचं हा त्यांचा नियम. पण त्या वर्षी मतदारयाद्यांचं काम त्यांच्या मानगुटीवर बसलं. खिचडीचं रजिस्टर होतंच, शिवाय रोज दुपारी कुठली तरी माहिती मोबाईलवरून वर पाठवायची असे. वह्यांचा ढीग टेबलावर वाढत गेला.

एका सोमवारी त्यांनी पायलला खिचडीच्या खोलीत बोलावलं. तांदळाच्या पोत्यांवर बावीस वह्या मांडल्या आणि स्वतःच्या खिशातला लाल पेन काढून तिच्या हातात दिला.

"उत्तरं या कागदावर आहेत. तू फक्त खुणा कर. नियम तुला माहीत आहे."

"हो सर."

"आणि घरी सांगू नकोस."

पायलनं घरी सांगितलंच. तेरा वर्षांच्या पोरीनं असली गोष्ट पोटात ठेवली असती तर तिला बरं नाही असंच म्हणावं लागलं असतं. उकंडानं ऐकलं आणि जेवता जेवता दोनदा विचारलं, "म्हंजे सरचं काम तू करतं?" पंचफुलानं मात्र चुलीपासूनच सांगितलं, "भाईर बोलू नका." ते बोलले नाहीत. वर्गातल्या सगळ्या पोरांना माहीत होतं, त्यांच्यातलंही कोणी घरी बोललं नाही. पोरांना कुठं गप्प बसावं हे मोठ्यांपेक्षा जास्त कळतं.

पायल तपासायची तेव्हा सरांपेक्षा कडक तपासायची. सर अर्ध्या बरोबरला अर्धी खूण देत, ही सरळ फुली मारायची. फुलीला खाली छोटं शेपूट काढायची, सरांसारखं. एकजण असेल तर क्रियापद कसं आणि पुष्कळ असतील तर कसं, एवढीच गोष्ट त्या महिन्यात चालली होती, आणि प्रज्वलला तेवढीच येत नव्हती. त्याच्या वहीचं पान लालच दिसायचं. ती खाली लिहायची, दहा वेळा लिही. तिसऱ्या आठवड्यात तिनं वीस वेळा लिही असं लिहिलं. हे सरांच्या नियमात नव्हतं. वीस लिहिताना तिला वावरातलं आईचं बोलणं आठवलं होतं, त्याच्याशिवाय कोन हाये. खोटं कशाला सांगू, तो आकडा लिहिताना पोरीला गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "झाले वीस?"

"सतरा झाले. बोटं दुखून राह्यले माहे."

"मंग तीन राह्यले."

प्रज्वलनं उघडलेला डबा बंद केला आणि उरलेले तीन लिहिले. लिहिताना तो म्हणाला, "मी आईले नाही सांगितलं, तू तपासतं म्हणून." पायल ओळी मोजत राहिली. त्याचं ते सांगणं तिला घाबरल्याचं वाटलं. पोरगा तिच्यावर उपकार करत होता हे तिला नंतर कळलं.

डिसेंबरात वेचणी आटोपत आली. सत्यभामाबाईच्या घरी कापसाची खोली छताला भिडत चालली होती, आणि उकंडा आत उतरून कापूस पायानं तुडवत होता. तुडवला की खाली बसतो, आणखी मावतो. नाकातोंडात तंतू जातात, पायाला वाळकी पाती टोचतात, घामावर सगळं चिकटतं. दुपारी तो पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता.

घरापुढच्या वट्ट्यावर बाईचा भाऊ बसला होता, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला असणारा. झुलत्या बंगईवर प्रज्वल वही घेऊन लिहीत होता. बाई भावाला सांगत होती, "कॉन्वेंटात इतकी शिस्त नव्हती दादा. हे मास्तर एक चूक सोडत नाहीत. वीस-वीस वेळा लिहून घेतात लेकराकडून. असा मास्तर पाहिजे."

भावानं वही घेतली, चष्मा वर करून पाहिली. "अक्षर तं पाह्य मास्तरचं. छापल्यावानी."

उकंडा रांजणापाशी उभा होता. पेला तोंडाला लावलेला होता. अकरा वर्षांत त्या वट्ट्यावर शेकडो गोष्टी झाल्या, लग्नं ठरली, वाटण्या झाल्या, उकंडानं एकीतही तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी त्याला काय झालं देव जाणे. लिहिता-वाचता येत नसलं तरी फुलीचं ते शेपूट त्यानं घरी पाहिलं होतं. पायल पाटीवर गिरवायची. त्याची छाती भरून आली. त्यानं पेला खाली ठेवला.

"ते आमच्या पायलचं हाये, दादासाहेब."

"काय?"

"अक्षर. सरच्या जागी तेच तपासते वह्या. सगळ्याईच्या. सरनं पेन देलं तिले."

बंगईची कुरकुर थांबली. प्रज्वलनं मान खाली घातली.

भाऊ आधी हसला. "म्हंजे गड्याची पोरगी मालकाच्या पोराले शिक्षा देते. घ्या. असा मास्तर पाहिजे होता ना तुले?"

सत्यभामाबाईही हसली. तिनं वही मिटली, मांडीवर ठेवली. "हुशार हाये म्हणाव पोरगी," ती म्हणाली. मग आत आवाज देऊन तिनं उकंडाला चहा द्यायला सांगितला, बशीत दोन बिस्किटंही. अकरा वर्षांत बिस्किटं पहिल्यांदाच. उकंडानं ती खाल्ली नाहीत, पायलसाठी बंडीच्या खिशात टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण दाखवणाऱ्याला ते त्या वेळी कळत असतं तर कोणी हात दाखवलाच नसता.

घरी येऊन त्यानं हे सगळं हौसेनं सांगितलं. पंचफुला भाकर थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"अकरा वर्षं तुमाले तोंड नव्हतं. आजच काहून फुटलं?"

"बाई हसली ना. चहा देला."

"तेच म्हंतो मी. हसली काहून?"

उकंडानं बंडीच्या खिशात हात घातला. बिस्किटं पायलनं खाल्ली.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी बैलांना पेंड घालताना बाई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि सहज बोलावं तसं बोलली, "उकंडा, यंदाच्या पाडव्याले दुसरा गडी पाहाव म्हंते मी. तू बी थकला आता. अन् पोरगी शिकून राह्यली तुझी. तुले काय कमी."

उकंडाच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. "बाई, माह्यं काही चुकलं का?"

"तुझं कायले चुकीन? चुकते तं आमच्या पोराचं." ती वळली. "सकाळी माह्यासंग शाळंत चाल. वह्या धराले कोनी पाहिजे."

सकाळी बाई पुढे आणि वह्यांची पिशवी घेऊन उकंडा मागे, असे दोघं शाळेत गेले. बाई शाळेच्या समितीवर होती, तिला कोणी अडवणारं नव्हतं. सातवीच्या वर्गात राठोड सर फळ्यावर लिहीत होते. तिनं प्रज्वलची वही टेबलावर उघडून ठेवली.

"सर, एवढंच विचाराचं होतं. हे कोनं तपासलं?"

सरांनी वहीकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या उकंडाकडे. त्यांना सगळं कळलं. आयुष्यभर ज्या घरांच्या दारात त्यांचा बाप वाकून उभा राहिला तसंच बाईचंही घर होतं, आणि त्यांची बदली, त्यांची चौकशी, त्यांची दोन लेकरं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. ते हातावरचा खडू पुसत म्हणाले, "मी वह्या गोळा करून ठेवायला सांगितल्या होत्या फक्त."

"मंग पेन?"

"टेबलावर होता. तिनं घेतला असेल."

पायल दुसऱ्या बाकावर होती. ती उभी राहिली. "सर, तुमीच देलता ना."

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फळ्यावरचं अर्धं वाक्य त्यांनी पुसून टाकलं.

"उकंडा," बाई म्हणाली, "विचार तुझ्या पोरीले. मास्तरले खोटं पाडून राह्यली ते."

उकंडानं पिशवी खाली ठेवली. तो बाकांच्या मधून गेला. तुडवून तुडवून त्याचे पाय भेगाळलेले, त्यात कापसाचे तंतू अडकलेले. त्यानं पायलला काही विचारलं नाही. खरं काय ते त्याला माहीत होतं, विचारून काय करणार. त्यानं तिच्या तोंडात मारली. एक मारली आणि बाईकडे पाहिलं, पुरे का म्हणून, मग दुसरी मारली. गालावर चार बोटं उठली. 

"मारू नको रे," सत्यभामाबाई म्हणाली. "लेकरू हाये. मी काय मार द्याले आली का? मले फक्त वही नीट करून पाहिजे. जिनं बिघडवली तिनं नीट कराव."

मग तिनं खुर्चीत बसून सांगितलं, प्रत्येक फुलीच्या वर बरोबरची खूण कर. पायल टेबलापाशी उभी राहिली. सरांनी खिशातला लाल पेन काढून टेबलाच्या कडेला ठेवला. हातात दिला नाही. तिनं खुणा करायला सुरुवात केली. फुल्या त्रेचाळीस होत्या. त्रेचाळीस चुकीची वाक्यं तिनं एकामागून एक बरोबर केली. बाई बोटानं मोजत होती. सतराव्या की अठराव्या खुणेला पायलच्या नाकातून थेंब पडला, तो कागदावर लालाशेजारी लाल पसरला.

मागच्या बाकावरून प्रज्वलचा रडवा आवाज आला, "आई, ते चूकच हाये वं."

"गप बस," बाई म्हणाली.

त्रेचाळीस झाल्यावर बाईनं वही मिटली, सरांना नमस्कार केला आणि उकंडाला म्हणाली, "चाल, बैल उपाशी हायेत."

त्या संध्याकाळी उकंडा अंगणात पाठ करून बसला. त्याचा उजवा हात तो सारखा धोतराला पुसत होता, जसं काही लागलं होतं. पायलचा गाल सुजला होता, पंचफुलानं फडकं भिजवून लावलं. लावता लावता ती बोलायला लागली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आईक. वर्गात पयला नंबर एकच असते. तो त्याले घेऊ दे."

"त्याले येतच नाही, माय."

"तुले तं येते ना? मंग तुले चुकवताही येईन. ज्याले येते त्यालेच चुकवता येते. दहातले दोन चुकवत जाय. ज्यास्त नको, नाहीतं मुद्दाम केलं म्हंतीन. अन् परवा त्या धड्याच्या टायमाले तीनदा अटकजो."

"मी बाभुळगावले जाणार होतो."

"तुया बापाचं साल हातचं चाललं, पायल. पन्नाशी आली त्याची. या वयात नवा गडी म्हणून कोन ठेवीन?" फडकं पिळून तिनं पुन्हा गालावर ठेवलं. "पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. तुले सांगतो, मले चांगलं वाटत नाही हे सांगाले. पण सांगतो."

वर्गात निवडीच्या दिवशी पायलनं धडा वाचला. टपालवाला घरातून निघाला तिथं ती एकदा अडखळली, पुलावर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा अडखळायचं तिनं एका सोप्या शब्दावर ठरवलं होतं, पण जीभ पुढे पळाली. सगळं पाठ होतं, काय करणार. वाक्य निसटून गेल्यावर ती मुद्दाम थांबली, मागे गेली आणि बरोबर वाचलेलं चुकीचं वाचून दाखवलं. राठोड सर खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांनी रजिस्टरमध्ये प्रज्वलचं नाव लिहिलं.

प्रज्वल बाभुळगावला गेला, माईकसमोर उभा राहिला आणि एक शब्द न बोलता खाली उतरला. सहभागाचं प्रमाणपत्र सगळ्यांनाच मिळतं. बाईनं ते चौकटीत घालून वट्ट्याच्या भिंतीवर लावलं.

पुढची युक्तीही पंचफुलाचीच. दर शनिवारी उकंडानं पायलची वही बाईकडे न्यायची आणि म्हणायचं, बाई, पाहा बरं, पोट्टीचं काय चाललं, आमाले तं समजत नाही. बाईला तरी कुठं समजत होतं. इंग्रजी बाईलाही येत नव्हतं आणि पंचफुलालाही, फुली मात्र दोघींनाही कळत होती. बाई पानं उलटायची, फुल्यांवर बोट टेकवायची आणि वही परत द्यायची. "असू दे रे. येईन हळूहळू," म्हणायची. ज्या आठवड्यात फुल्या जास्त त्या आठवड्यात उकंडाला चहा मिळायचा.

फेब्रुवारीत वाळलेल्या पराट्या उपटायचं काम सुरू झालं. लोखंडी चिमट्यात बुंधा धरायचा आणि अंगाचा भार टाकून ओढायचं. शनिवारी अर्धी शाळा झाली की पायलही जायची. तळव्यांना फोड येत, फुटत, त्यावर पुन्हा येत. अशाच एका शनिवारी पंचफुलानं घरी आल्या आल्या वही मागितली. उकंडा अंगणात वहीसाठी थांबला होता. पंचफुलानं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत एकही फुली नव्हती.

"हे काय होय?"

पायलनं पाहिलं. ती खरंच चकित झाली. कोणती दोन चुकवली होती ते तिनं आठवून पाहिलं. चौथं आणि नववं. चौथं आणि नववं बरोबर आलं होतं. आताशा तिचा असा घोळ व्हायला लागला होता. बरोबर कोणतं आणि मुद्दाम लिहिलेलं कोणतं, हे लिहिताना कधी कधी समजत नसे.

"चुकून बरोबर आलं, माय," ती म्हणाली.

पंचफुलानं तिच्या पाठीत गुद्दा घातला. पाठोपाठ तिच्या स्वतःच्या तळव्यावरचा फोड फुटला आणि पाणी वाहिलं. ती तशीच खाली बसली, लेकीला जवळ ओढलं आणि रडली. मग तिनं डोळे पुसले आणि पेन्सिल पायलच्या हातात दिली. "दोन खोड. खोडून चुकीचं लिव. फुली मार. सर मारतात तशी मार. लाल पेन नसन तं पेन्सिलनं मार, बाई चष्मा नाही लावत." पायलनं दोन वाक्यं खोडली, चुकीची लिहिली आणि स्वतःच त्यावर फुल्या मारल्या. उकंडा वही घेऊन गेला.

पाडव्याच्या दिवशी तो सकाळीच बाईच्या दारात जाऊन उभा राहिला. ऊन चढलं तरी परत आला नाही. पंचफुलानं वरण-भात झाकून ठेवला आणि उंबरठ्यावर बसून राहिली. दुपारी तो आला तेव्हा खांद्यावर कोरा दुपट्टा होता आणि हातात चपलांचा नवा जोड. बाईनं रीतीप्रमाणे दिलं होतं. साल पक्कं झालं होतं.

"काही बोलली का?" पंचफुलानं विचारलं.

"पोट्टी आता शहाणी झाली म्हणे तुझी."

तो हसत होता. कित्येक महिन्यांनी हसत होता. पंचफुलानं त्याच्यापुढे ताट ठेवलं. चपला मात्र त्यानं आधी पायात घालून पाहिल्या. डावी जरा घट्ट होती.

पायल भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर वही. आठ दिवसांवर वार्षिक परीक्षा होती. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"साल झालं ना बाबा?"

"झालं वं माय."

"मंग परीक्षेत आता सगळं बरोबर लिवू?"

पंचफुला भाताच्या गंजात पळी फिरवत राहिली. उकंडा घट्ट चपलेत बोटं सरकवत होता.

"पुढच्या वर्षी आठवीले दुसरी शाळा हाये," पायल म्हणाली. "सरही दुसरे राहीन."

"प्रज्वल बी त्याच शाळंत चालला," उकंडा म्हणाला. त्यानं चप्पल काढून बाजूला ठेवली आणि ताट जवळ ओढलं. "साल एकाच वर्षाचं असते, पायल."